यादोजीकाकांची चंपी

यादोजीकाका जिथे बसत, तिथे शेजारी भरलेला तांब्या असे. तहानेसाठी नव्हे. सतरंजीवर ओला डाग दिसला, की ते तांब्या आडवा करत आणि पाहुण्यांसमोर ओरडत, "अरे बापा, सांडलं! माह्याच हातून सांडलं!" डाग त्यांच्या चंपी कुत्रीचा असे, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, तेव्हा माझी बदली आंधळगावच्या शाळेत झाली आणि भिंतीला भिंत लावून हे विणकर काका शेजारी मिळाले. भारी स्वच्छतेचे. कुणी आलं की आधी "हात धुतले काय?" आणि मग "या, बसा." मागावरच्या लुगड्याकडे कुणी नुसतं बोट दाखवलं तरी त्यांना धाप लागे. काकी वारल्यापासून घरात ते आणि चंपी, दोघंच. असा माणूस चंपीचं गोणपाट मात्र रोज स्वतः विहिरीवर नेऊन धुवायचा.

"काका, बाहेर बांधा तिला," मी एकदा म्हणालो.

"कायले? तिनं मुद्दाम केलं काय? झोपेत होते तिले." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उठली का मान खाली घालते. तिच्यासमोर बोलू नका, गुरुजी."

शेवटी मीच दोघांना तुमसरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चंपीला तपासलं, लघवीही तपासली. "पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलं ना, त्यानंतर काही माद्यांची लघवीवरची पकड ढिली होते. गोळ्या देतो. थांबेल बहुतेक."

काका उठले, पुन्हा बसले. "डॉक्टरसाहेब, हे... बायांहीले बी होते काय?"

"होतं की. बाळंतपणानंतर, वय झाल्यावर. कारणं वेगळी, पण त्यावरही उपचार असतात. लाजेपायी दाखवत नाहीत, एवढंच."

परतताना काका गोळ्यांची पुडी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते.

गोळ्या लागू पडल्या. काही दिवसांनी सकाळी गेलो, तर काका कोरडं गोणपाट मांडीवर घेऊन बसलेले. माग बंद. चंपी अंगणात शेपूट हलवत होती.

"झालं ना बरं!" मी म्हणालो.

"झालं. येवढुशा गोळीनं झालं." ते गोणपाटावरून हात फिरवत राहिले. "धाकटी पोरगी झाली, तवापासून तुमची काकी मांगच्या पडवीत झोपे. थंडीतबी. म्हने, मले गरमी होते. पाहाटेच उठून लुगडं धुवे. लग्नाकार्यात गेली तर बसे नाही, उभीच राहे. मी गावभर सांगो, आमची बाई लय सोवळ्याची हाय."

मी त्यांच्याजवळ सतरंजीवर बसलो.

"वीस वरसं, गुरुजी," काका म्हणाले. "मी एक दिवसबी मांगं जाऊन पाह्यलं नाही."