आठ भरेपर्यंत

प्रेमदासांच्या पत्नी जिजाबाईंच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला चार दिवस उरले होते, तेव्हा मेघाच्या गिटारच्या अॅम्प्लिफायरमधला स्पीकर गेल्याचं कळलं. प्रेमदासांनी सेलूच्या घरी तो डबा पुसून चालू केला. लाल दिवा लागला, आवाज आला नाही. मागची फळी काढली तर उंदराने स्पीकरचा कागद कुरतडून स्वतःसाठी बिछाना केला होता. आतली तारही ठेवली नव्हती. वर्षभर डबा कोणी उघडलाच नव्हता, त्यात उंदराचा काय दोष?

मेघा त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरी करते. आई गेल्यापासून तिने गिटारला हात लावला नव्हता. आईच्या आवडीचं गाणं त्या दिवशी वाजवीन, असं ती फोनवर मोठ्या मुश्किलीने कबूल झाली होती. स्पीकर गेला हे कळलं की ती "राहू द्या मंग" म्हणेल आणि पुन्हा कधीच वाजवणार नाही, हे बापाला ठाऊक होतं. त्यांनी तिला काही सांगितलं नाही.

डब्याच्या मागे 'आठ ओहम' असं स्पीकरच्या विजेच्या अडथळ्याचं माप लिहिलेलं होतं. वर्धेला मधुकररावांच्या दुकानातून प्रेमदासांनी त्याच आकाराचा, आठ ओहमचाच स्पीकर आणला. गोष्ट इथेच संपायची. पण प्रेमदास वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. लग्नाच्या पंगतीतही ते आधी वाढप्याच्या पळीकडे पाहत. घरात इन्व्हर्टरसाठी घेतलेला मीटर होता. त्यांनी तो नव्या स्पीकरला लावला. मीटरने सहा दाखवले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच ते मीटर घेऊन हजर.

"मधुकरराव, माल कमी भरून राह्यला."

"कोणता माल, साहेब?"

"आठाचा सांगून सहाचा देल्ला तुमी."

"अजी, कंपनीनं छापेल हाय ना त्याच्यावर आठ!"

"छापेल तं दुधाच्या पिशवीवरबी रायते."

त्यांनी दुकानातले सगळे आठचे स्पीकर खाली उतरवून घेतले आणि एकेक मोजला. सगळे सहाच्या आसपास. सोळाचा एक होता, तो बारा भरला. तोवर गिऱ्हाइकं जमली होती. वायर घ्यायला आलेला एक जण आपली वायरही पुन्हा मोजून द्या म्हणू लागला. मधुकररावांचा धीर सुटला.

"साहेब, तुमाले आठच पायजे ना? मंग बारीक वायर जोडा, भरेपर्यंत! पण दुकानातून जा बापा!"

मधुकरराव चिडून बोलले होते. प्रेमदासांना मात्र ते पटलं. लोखंडी वजन झिजून कमी भरलं की त्याच्या खाचेत शिसं ओतून ते बरोबर करतात, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं. स्पीकरला शिशाऐवजी वायर; ती जितकी लांब, तितके ओहम जास्त. त्यांनी बारीक वायरचं बंडल घेतलं.

वायर गुंडाळून डब्यात ठेवता आली असती. पण ढिलं माप त्यांना मान्य नव्हतं. कापड असो की दोरी, मोजायची ती ताणून. वायर समोरच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेली, खिडकीतून बाहेर पडली, गल्ली ओलांडून मागच्या धुरपताबाईंच्या ओसरीवर पोचली, तेव्हा कुठे मीटरवर आठ दिसले. प्रेमदासांनी स्पीकर तिथल्या धान्याच्या रिकाम्या कोठीवर पालथा ठेवला.

"भाऊ, हे काय आणून ठेवलं माह्या घरात?" धुरपताबाईंनी विचारलं.

"स्पीकर हाय. तुमच्या ओसरीवरच आठ भरते."

"माह्या घरात काऊन भरते? तुमच्या घरात काऊन नाई?"

"घर कमी पडलं."

"जिजा असती तं या वायरीनं तुमालेच बांधून ठेवलं असतं."

"हाव," प्रेमदास म्हणाले. "ठेवलं असतं."

मेघा पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी पोचली तेव्हा भंतेजी आले होते, पाहुण्यांनी खोली भरली होती. तिने डबा पाहिला, डब्यातून निघालेली वायर पाहिली. वायरमागे ती स्वयंपाकघरात गेली, खिडकीतून वाकली, मग गल्लीत जाऊन धुरपताबाईंच्या कोठीपर्यंत जाऊन आली. प्रेमदासांनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"बाबा, मीटर गप्प बसलेला स्पीकर मोजते. त्याच्यावर लिहिलेला आठ वाजतानाचा असते. सहा दाखवते म्हणजे तो आठचाच हाय."

प्रेमदासांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मधुकरराव बरोबर होता?"

"त्याचं सारं दुकान बरोबर होतं."

आणि ती हसली. तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"थांब, स्पीकर इकडं आणतो," प्रेमदास उठले.

"नोका आणू. असू द्या तिकडंच." तिने खोलीकडे पाहिलं. "सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले, बाबा. मले असं नाई जमत."

वंदना झाली. मेघाने गिटार जोडली आणि पहिली ओळ वाजवली. खोलीत नुसत्या तारांची बारीक टिणटिण. गाणं गल्लीपलीकडे घुमलं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दारापाशी बसलेल्या बाया आधी उठल्या, मग म्हातारे, मग सगळेच. भंतेजींनीही चपला घातल्या. धुरपताबाईंची ओसरी भरली. जागेसाठी त्या कोणाला तरी दटावत असल्याचं इकडे ऐकू आलं.

खोलीत बाप आणि मुलगी राहिली. प्रेमदास तिच्या अगदी जवळ सरकून बसले, कारण त्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

दोन कडवी झाली आणि मेघाचा हात थांबला.

"काऊन थांबली वं मेघा?" गल्लीपलीकडून धुरपताबाई ओरडल्या. "आमी आयकून राह्यलो ना!"

मेघाने डोळे पुसले आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवली. "बाकीचं पुढच्या वेळी येईन तवा, बाबा."

"येजो," प्रेमदास म्हणाले.

शेवटचं कडवं वाजवायचं राहिलं आहे.