बुडून दाखवणारे सर

पोहणं शिकवायला पोहता यावं लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. थायलंडात आंगथोंगकडच्या एका शाळेत मी खेळाचा मास्तर. बारा वर्षं व्हॉलीबॉल शिकवला, तोही मला येत नाही. त्यामुळे जिल्ह्याकडून पोहणं शिकवणारे चष्मे आले, तेव्हा मीच छाती पुढे काढली. चष्म्यातून समोरचं अंगणच दिसायचं, पण त्यावर निळं पाणी पसरायचं आणि एक निळा माणूस हात मारून दाखवायचा. मुलं बाकांवर पालथी पडून त्याची नक्कल करायची. मला पोहता येत नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते तसंच राहावं म्हणून मी काहीही करायला तयार होतो.

मग तपासणीला जिल्ह्याचे अधिकारी आले. "प्रसोंग सर, कालव्याच्या धक्क्यावरच दाखवा, शोभून दिसेल," आमच्या मुख्याध्यापिका सुनी मॅडम म्हणाल्या. आता नाही कसं म्हणणार?

धक्क्यावर मी ऐटीत चष्मा चढवला. फळ्या निळ्या, कालवाही निळा. निळा माणूस म्हणाला, "एक पाऊल पुढे." मी आज्ञाधारक. पाऊल फळीवर पडलंच नाही.

गटांगळ्या खात वर आलो, तर तिसरीतली मुक नावाची पोरगी सगळ्यांना दटावत होती, "कुणी उडी मारायची नाही. आधी ओरडा, मग फेका, मग काठी." कुणी बुडत असेल तर पाळायचा हा नियम मीच त्यांच्याकडून रोज सकाळी झेंड्यापुढे घोकून घेतला होता.

मुलं शिस्तीत ओरडली. दोनदा. मग रिकामे कॅन आले, चपला आल्या, कुणाचा तरी भाताचा डबा आला.

"मुक, काठी दे गं!"

"थांबा सर, अजून फेकून व्हायचंय."

शेवटी बांबू आला. धक्क्यावर येऊन पडलो तेव्हा कानात जलपर्णी होती. अधिकारी गहिवरले होते.

"काय अभिनय केलात, सर. खरंच बुडताय असं वाटलं."

खरं सांगायला तोंड उघडलं, तर पाणीच बाहेर आलं.

"बघा, अजून भूमिकेतच आहेत," ते मॅडमना म्हणाले.

चष्मे परत गेले. मला मात्र जिल्ह्यातल्या सत्तावीस शाळांत बुडून दाखवायचा हुकूम निघाला. सोमवारी पहिली शाळा. तिथला कालवा खोल आहे म्हणे.

काल शाळा सुटल्यावर मुक हळूच जवळ आली. "सर, तुम्हाला येत नाही ना?"

मी मान खाली घातली. ती काही हसली नाही. तिने व्हरांड्यातला बाक ओढून आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

"पडा पालथे."