अखंड हिरवा दिवा

१२.७ व्होल्ट

पोटभर चार्ज झालेली बॅटरी बारा-पॉइंट-सात दाखवते. ज्योतीराम गव्हाणे रोज सकाळी त्याच्याही वर दोन व्होल्ट असायचा!

चाकणच्या एका पंपांच्या कंपनीत तो कामाला. पंपाची थरथर मोजायचं, हातात घेऊन फिरायचं मीटर त्याच्या ताब्यात. मीटरच्या कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला. आणि कपाटाच्या दारावर महिन्याचा तक्ता: तारीख, ‘बॅटरी चार्ज केली’, सही. एकही चौकोन रिकामा नाही!

“शिशाची बॅटरी म्हणजे दुभती म्हैस, राव,” तो टपरीवर सांगायचा. “उपाशी ठेवली की आटली. माझी बघा! चार वर्षं झाली, अजून ढेकर देते!”

“शुक्रवारी दहाला गिऱ्हाइकाचे साहेब येतायत,” क्वालिटीच्या वर्षाली मॅडमनी बजावलं. “मीटर बंद पडलं तर दोनशे पंप इथंच राहतील. आणि किल्ली रोहिदासकडे जाईल.”

शेजारच्या टेबलावरचा रोहिदास लगेच हसला. माणसानं इतकं लगेच हसू नये!

११.९

बुधवारी खंडेनवमी. पाने, हातोडे, ड्रिल, सगळे हळदीकुंकू लावून झेंडूत बसले. ज्योतीरामनं मीटर मधोमध ठेवलं आणि बटण दाबलं. पडदा हिरवागार उजळला.

“अगं बाई! ह्यो तर अखंड दिवा!” साफसफाईच्या सरूबाई हरखल्या. “आता शुक्रवारी पूजा उतरंस्तवर कुणी हात लावायचा न्हाई!”

“पण ती बॅटरी आठ तासच...” रोहिदास म्हणाला.

“तुझ्या हातात आठ तास. माझ्या हातात दसरा काढेल!”

गुरुवारी दसरा, कंपनी बंद. ज्योतीराम घरी श्रीखंडात. मीटर चाकणला, समईच्या नोकरीवर.

८.३

शुक्रवार, सकाळचे साडेआठ. पडदा काळाठिक्कर.

साडेदहा व्होल्टच्या खाली उतरलेली शिशाची बॅटरी सहसा पूर्वीसारखी होत नाही. हे सगळ्या कंपनीला माहीत होतं, कारण ज्योतीरामनंच सगळ्या कंपनीला ऐकवलं होतं.

१३.८

चार्जरला लावली. पाचव्या मिनिटाला चार्जरचा दिवा हिरवा!

“मॅडम, फुल्ल!”

“पाच मिनिटांत?”

“हाताचा गुण आहे, मॅडम!”

चार्जर काढला. पडदा काळा. लावला, हिरवा दिवा. काढला, काळा. रुसलेला जावई ताटाला न शिवता ‘पोट भरलं’ म्हणतो आणि सासू ते खरं मानते, तसं चाललं होतं! बॅटरी करंट घेतच नव्हती, आणि चार्जर समजत होता की पंगत उठली.

१२.५ (रोहिदासच्या बाईकची)

“रोहिदास, भावा...”

“किल्ली द्यायला आलास?”

“तुझ्या बाईकची बॅटरी मागायला आलोय. तीही बाराचीच ना?”

“आणि मी घरी कसा जाऊ? ढकलत?”

“आठवडाभर वडापाव माझ्याकडून!”

“पंधरा दिवस. लाल तारेला लाल, काळीला काळी. उलटं लावलंस तर मीटरचीही उत्तरपूजा!”

मेलेली बॅटरी काढली. तिच्या जागी हातभर लांब दोन तारा लावल्या, आणि तारांच्या दुसऱ्या टोकाला रोहिदासच्या डब्याच्या पिशवीत बाईकची बॅटरी.

बरोबर दहाला गिऱ्हाइकाचे मिहिर साहेब आले. पुढं मीटर घेऊन ज्योतीराम, मागं पिशवी घेऊन रोहिदास, मधे तारा.

“सावकाश चाला रं, गाठ सुटंल!” झाडू थांबवून सरूबाई ओरडल्या.

दुसऱ्या पंपाशी ज्योतीराम डावीकडं वळला, रोहिदास उजवीकडं. टक्! पडदा काळा.

“तार जोड, तार!” ज्योतीराम दात न उघडता म्हणाला. मग साहेबांकडं वळून, “यंत्र थोडं श्वास घेतंय, साहेब!”

तिथून पुढं दोघं खांद्याला खांदा लावून चालले. साहेबांनी निवडलेले वीसच्या वीस पंप पास!

मोजले नाहीत

“पंप उत्तम,” मिहिर साहेब म्हणाले. “पिशवीत काय आहे?”

“जादाची बॅटरी, साहेब. काळजी म्हणून.”

“काळजी घेणारी माणसं आवडतात मला. चार्जिंगचा काही तक्ता ठेवता?”

ज्योतीरामची छाती फुगली. हे तर त्याचं खास मैदान! त्यानं साहेबांना थेट कपाटापुढं नेलं. साहेबांनी चष्मा नीट केला.

“काल कंपनी बंद होती ना?”

“हो, साहेब.”

“काल चार्ज केली असं लिहिलंय.”

ज्योतीराम कमरेची किल्ली चाचपू लागला.

“उद्याही केलीय.” साहेबांचं बोट खाली सरकत गेलं. “दिवाळीच्या सुट्टीत रोज. एकतीस तारखेलाही. सही मात्र सुंदर आहे हं तुमची!”

त्याचं काय आहे, एक तारखेला पेन नवं होतं आणि हात मोकळा होता.

पंप गेले. नवी बॅटरी आली. किल्ली रोहिदासला मिळाली नाही. पिशवी त्याचीच होती! “वात बघितल्याशिवाय तेल घातलं म्हणत नाहीत त्या,” असं म्हणून मॅडमनी किल्ली सरूबाईंच्या हाती दिली. त्या रोज दिवा बघतात, मगच तक्त्यावर अंगठ्याएवढी टिक मारतात.

आता सकाळी मीटर न्यायला ज्योतीराम कपाटापुढं उभा राहतो.

“हात धुतलंस?”

“व्हय, सरूबाई.”

“पाय पुसलंस?”

“व्हय, सरूबाई!”