किमान चाळीस गुणांची भीती

निवड चाचणीला जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूने अर्जासोबत मनोबल केंद्राचा दाखला जोडावा, असे क्रीडा खात्याचे परिपत्रक निघाले आणि उंच उडी मारणारी टोळ दोन फोटो व ओळखपत्र घेऊन केंद्रात हजर झाली. टोळ हे तिचे टोपणनाव. पाय एवढे लांब की कंबर कुठे सुरू होते ते शोधावे लागे. एक मीटर पंच्याहत्तरवरची दांडी ती अशी ओलांडायची, जणू कुणी ती वाटेत विसरून गेले आहे. चाचणीत निवड झाली की ती देशाच्या संघात जाणार होती. सहा वर्षांत तिने दुसरे काही मागितले नव्हते.

केंद्र म्हणजे मैदानाच्या कडेची, गोळाफेकीचे गोळे ठेवायची खोली. गोळे व्हरांड्यात गेले होते आणि त्यांच्या जागी मनोबल अधिकारी बसले होते. टोळ त्यांची पहिलीच खेळाडू. त्यांनी तिच्याकडून साठ प्रश्न सोडवून घेतले, बेरीज केली, चष्मा पुसला आणि पुन्हा बेरीज केली.

"भीती शून्य? दांडी पडेल असं वाटत नाही तुम्हाला?"

"पडली तर परत ठेवतात की."

"अहो, दाखला भीती कमी झाल्याचा असतो. किमान चाळीस गुणांनी. शून्यातून चाळीस वजा केले तर संगणक घेत नाही."

सोबत आलेले कोच सर म्हणाले, "साहेब, पोरगी ठणठणीत आहे."

"तीच तर अडचण आहे. ठणठणीत माणसाला आम्ही बरं कसं करायचं?"

"मग मी साठ लिहिते," टोळ म्हणाली.

अधिकारी मनापासून दुखावले. "खोटी भीती? हे सरकारी केंद्र आहे. इथे खरीच लागते."

मोठ्या मनाने त्यांनी टोळसाठी तीन आठवड्यांचा पूर्वतयारी वर्ग मंजूर केला. आधी भीती बसवायची, मग काढायची. पहिल्या आठवड्यात तिला पडणाऱ्या खेळाडूंची छायाचित्रे दाखवली. टोळने ती निरखून पाहिली आणि कुणाचे कुठले पाऊल चुकले ते सांगितले. दुसऱ्या आठवड्यात पहारेकऱ्याचा कुत्रा आणला. तो तिच्या बुटावर डोके ठेवून झोपला. त्या दिवशी भीती दोन गुण भरली, तीही कुत्रा उपाशी असेल या विचाराने. पहिलेच प्रकरण फसणार म्हणून अधिकाऱ्यांची मात्र पाचावर धारण बसली. त्यांनी स्वतःची चाचणी घेतली तर एक्याण्णव गुण. पण एकाची भीती दुसऱ्याच्या नावावर करण्याची तरतूद नियमांत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात टोळची मावशी आली. टोळ पाण्याची बाटली घरी विसरली होती, एवढेच निमित्त. मावशी खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "जमेल ना गं तुला?"

"जमेल."

"आणि नाही जमलं तर?"

टोळने आपल्या गुडघ्यांकडे पाहिले. हे गुडघे इतकी वर्षे तिथेच होते, पण असे तिने कधी पाहिले नव्हते.

"मी आपली काळजीपोटी विचारते हो," मावशी म्हणाली.

अधिकाऱ्यांनी घाईघाईने चाचणी घेतली. अठरा! ते खुर्चीतून उठलेच. "मावशी, अजून एकदा विचारता का?"

दुसऱ्या दिवशी उडीच्या गादीशेजारी पाच खुर्च्या मांडल्या गेल्या. मावशी, शेजारचे निवृत्त कारकून, आईची मैत्रीण, लांबचे एक काका आणि वाटेने जाणारे एक गृहस्थ. या गृहस्थांना कुणी बोलावले नव्हते, पण विषय कळताच ते बसले. सगळी माणसे प्रेमळ. कुणी आवाज चढवला नाही. "सहा वर्षं घालवलीस, बरं का," "मागच्या वेळी एकीचं असंच झालं," "बाकी तू टेन्शन घेऊ नकोस." शनिवारपर्यंत भीती चौऱ्याऐंशी भरली. टोळला जेवण जाईना. अधिकारी दोन घास जास्त जेवू लागले.

मग भीती काढण्याचे काम नियमानुसार सुरू झाले. दीर्घ श्वास घेऊन टोळने 'मी निर्भय आहे' असे तीन प्रतींत लिहून दिले. गुण चव्वेचाळीसवर आले. बरोबर चाळीस कमी! दाखल्यावर शिक्का बसला, टाळ्या झाल्या.

"चव्वेचाळीस उरली, तिचं काय?" कोच सरांनी विचारले.

"ती खात्याच्या मर्यादेत आहे."

चाचणीच्या दिवशी दांडी एक मीटर पंच्याहत्तरवरच होती. टोळ धावली आणि दांडीपाशी थबकली. दुसऱ्यांदा धावली, दांडी पडली. कुणीतरी ती परत ठेवली. ती परत ठेवतात हे टोळला तेव्हा आठवले असते, तर किती बरे झाले असते! तिला आठवल्या पाच खुर्च्या. तिसऱ्यांदाही दांडी पडली, आणि टोळ गादीवर तोंड झाकून पडून राहिली. कोच सर तिच्याशेजारी नुसते बसले.

घरी मावशीने तिला जवळ घेतले. "रडू नकोस गं. मी तेव्हाच विचारलं होतं."

खात्याच्या वार्षिक अहवालात टोळचे प्रकरण सर्वोत्तम ठरले. शून्यावरून भीती चढवून चाळीस गुणांची घट अन्य कुणाला साधली नव्हती. अधिकाऱ्यांना बढती मिळाली आणि पूर्वतयारी वर्गाची योजना सर्व खेळांना लागू झाली. त्यासाठी मोठ्या संख्येने मानद भीतीशिक्षक हवेत, अशी जाहिरात गेल्याच आठवड्यात निघाली. शिक्षणाची अट नाही, वयाची नाही. स्वभाव प्रेमळ असावा.

तळाशी बारीक अक्षरांत एक सूचना आहे: ज्यांनी आपल्या घरातल्या कुणाला 'आणि नाही जमलं तर?' असे काळजीपोटी एकदा तरी विचारले आहे, त्यांनी अर्ज करू नये. त्यांची नेमणूक झालेली आहे.