सहावा पाट

चौथा स्क्रू आत गेला आणि यतीनने ड्रिल मशीन उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पलंगाखाली सरकवलं. खाली गल्लीत कचरागाडीचं गाणं अजून वाजत होतं. त्या गाण्याच्या भरवशावरच तर सगळा उद्योग चालला होता. 'भिंतीत खिळा ठोकणार नाही' हे भाडेकरारातलं सातवं कलम त्याने स्वतःच्या सहीनिशी मान्य केलं होतं, आणि घरमालकीण इंदुमतीकाकू खालच्याच मजल्यावर राहायच्या. त्यामुळे रोज सकाळी पावणेआठला गाडी दाराशी आली, कर्ण्यातलं गाणं टिपेला पोचलं, की यतीन एक भोक पाडायचा. दिवसाला एकच. चार भोकांना चार सकाळी लागल्या, आणि चौथी सकाळ होती भाऊबीजेची.

त्याच्या बायकोने, क्षितिजाने, दोन पावलं मागे जाऊन निळी फळी डोळे बारीक करून पाहिली.

"सरळ आहे."

"खरंच? डावीकडे झुकल्यासारखी नाही वाटत?"

"तूच झुकलायस. बस जरा, घाम पूस."

नाशिक सोडून नोकरीसाठी इंदूरला आल्यापासूनच्या दोन वर्षांतलं हे त्यांचं तिसरं घर. पहिल्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, दुसऱ्याने घरच विकलं. दोन्ही वेळा क्षितिजाने आपले कप, मातीची घुबडं आणि फोटोंच्या चौकटी वर्तमानपत्रात गुंडाळून चार खोक्यांत भरल्या. मल्हारगंजातल्या या घरात आल्यावर मात्र तिने ती खोकी उघडलीच नाहीत. "उघडून काय करू, परत बांधायचीच ना," एवढंच ती म्हणाली होती. ती रडली असती तर यतीनला सोपं गेलं असतं. हे वाक्य त्याला लागलं. मग दोघांनी मिळून जुन्या साड्यांचे पडदे केले, सरबताच्या बाटल्यांचे दिवे केले आणि घुबडांसाठी ही फळी केली. करार या महिन्याअखेर संपत होता. तो पुढे चालू राहावा, एवढं एकच मागणं यतीनने लक्ष्मीपूजनाला मागितलं होतं.

फळीचं लाकूड तर फुकटात मिळालं होतं. दिवाळीच्या साफसफाईत इंदुमतीकाकूंच्या नवऱ्याने, रामभाऊकाकांनी, फाटकाशी भंगार काढून ठेवलं होतं. बूड नसलेली बादली, वेत तुटलेली खुर्ची, आणि खुर्चीला टेकून उभा एक काळाभोर पाट. "काका, यातलं एखादं घेऊ का?" असं यतीनने रीतसर विचारलं होतं. काकांनी पेपरातून डोकं वर न काढता, "घे घे, सगळं भंगारच आहे," म्हणून हात हलवला होता. यतीनने पाटाच्या खालच्या दोन पट्ट्या काढल्या, दोन संध्याकाळी दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासल्या आणि निळा रंग दिला. मागच्या बाजूला काही पांढरी अक्षरं होती, तीही अंधुक उजेडातच घासून टाकली.

क्षितिजाने पहिलं खोकं उघडून पहिलं घुबड फळीवर ठेवलं, तेवढ्यात खालून इंदुमतीकाकूंचा आवाज आला.

"अहो, पाट पाचच कसे? ऊन द्यायला ठेवले तेव्हा सहा होते न."

यतीनने फळीकडे पाहिलं. क्षितिजाने यतीनकडे पाहिलं.

"तू म्हणालास भंगारातला आहे."

"भंगाराला टेकला होता," यतीन म्हणाला.

जिन्यावर पावलं वाजली. क्षितिजाने खिडकीवरचा साडीचा पडदा ओढून फळीवर टाकला आणि वरून आकाशकंदिलाची झिरमिळी सोडली. काकू दारातच थांबल्या. एरवी केस विंचरल्याशिवाय जिना न चढणाऱ्या बाई, आज त्यांचा अंबाडा अर्धा सुटला होता.

"यतीन, माझा एक पाट पाहिला का रे? शिसवीचा. मिळूनच नाही राहिला."

"पाट?" यतीन म्हणाला. हा शब्द आयुष्यात प्रथमच ऐकल्यासारखा चेहरा त्याला करायचा होता, पण तो जमला नाही.

"आज माझ्या नणंदबाई येऊन राहिल्यात बेटम्याहून, बारापर्यंत. त्या यायच्या आत मला तो पाहिजे, मतलब पाहिजेच. माझं तर डोकं काम नाही करून राहिलं."

काकू गेल्या. यतीन मटकन पलंगावर बसला. भाऊबीज म्हणजे ओवाळणं, ओवाळायचं म्हणजे पाट लागणार, आणि तो पाट चार स्क्रूंवर भिंतीला टांगलेला. काढून परत द्यावा तर तो निळा, वर भिंतीत चार भोकं. चोरीही आणि सातवं कलमही. क्षितिजाने फळीवरचं घुबड उचलून परत खोक्यात ठेवलं. यतीन चपला घालून बाहेर पडला.

दोन गल्ल्या सोडून उदयसिंह सुताराचं दुकान होतं. शटर अर्धं खाली होतं आणि उदयसिंह बहिणीकडे जायच्या कपड्यांत उभा होता.

"भिया, आज तो दूज है. दुकान बंद समझो."

"एक पाट पाहिजे. मतलब, पाटा. बैठने का. पुराना."

"पुराना?" उदयसिंहाने त्याला नीट न्याहाळलं. "लोग तो नया माँगते हैं. नया ले जाओ, रोज बैठना, पुराना हो जाएगा."

एवढा वेळ यतीनकडे नव्हता. त्याने नवाच घेतला आणि घरी येऊन मागच्या मोरीत तो पिवळाधमक पाट चहाच्या उकळत्या काढ्याने तीनदा माखला, वर खोबरेल तेल चोळलं, एका कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं लावली आणि दगडाने चार पोचे काढले. मग खालच्या अंगणात तुळशीमागे नेऊन अलगद ठेवला आणि जिन्यात उभा राहिला. त्याचे हात चहाने तपकिरी झाले होते.

काकूंना पाट दिसला. त्यांनी तो उचलला आणि पहिली गोष्ट काय केली, तर उलटा केला. मागची बाजू पाहिली आणि म्हणाल्या, "हा नाही."

एवढी मेहनत केलेली वरची बाजू त्यांनी पाहिलीसुद्धा नाही, याचं यतीनला वाईट वाटलं.

"आणि याला तर चहाचा वास येऊन राहिला," काकू म्हणाल्या. त्या सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "आता समजलं. तुम्ही माझा पाट कबाड्याला दिला न? आणि चुपचाप हा दुसरा आणून ठेवला."

"मी? अगं, मी सकाळपासून घराबाहेरच नाही गेलो."

"मग हा काय स्वतः चालत आला?"

"चाळीस वर्षांत मी तुझ्याशी खोटं बोललो का कधी?"

"भंगार कोणी काढलं होतं? तुम्हीच न?"

काका केविलवाणे होऊन पाटाकडे बघत राहिले. निरपराध माणसाला आपल्यासमोर बोलणी बसताना पाहून यतीनला राहवेना. घर गेलं तर गेलं, चौथं बघू, असं मनाशी ठरवून तो दोन पायऱ्या उतरला. तिसरीवर पाय ठेवला आणि फाटकाशी रिक्षा थांबली.

काकूंच्या नणंद, वसुंधराआत्या, आल्या. हातातली पिशवी ठेवायच्या आत त्यांनी दारामागचा कोपरा, पलंगाखालची जागा आणि स्वयंपाकघरातली मांडणी नजरेखालून घातली. काकू त्यांच्या मागे मागे फिरत होत्या. शेवटी इलाज नव्हता म्हणून काकांना त्याच नव्या पाटावर बसवून ओवाळलं. काका उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर मागे चहाचा ठळक चौकोन उमटला होता. तो त्यांना कोणी दाखवला नाही.

यतीन आणि क्षितिजाही जेवायला खाली होती. यतीन वाटीतलं श्रीखंड नुसतं ढवळत होता. पान उचलून झालं की काकूंना बाजूला घेऊन सांगायचं, अशी वाक्यं तो जुळवत होता.

"या पोरांनी वरचं घर फार छान सजवलंय म्हणे," आत्या हात पुसत म्हणाल्या. "चल क्षितिजा, दाखव."

"आज पसारा आहे, आत्या."

"पसारा कोणाकडे नसतो?" आत्या जिना चढायलाही लागल्या. त्यांच्यामागे काकू, काकूंच्या मागे चहाचा चौकोन घेऊन काका, आणि सगळ्यांत शेवटी यतीन, प्रत्येक पायरीवर एक वाक्य विसरत.

आत्यांना बाटल्यांचे दिवे आवडले. मग त्या भिंतीपाशी गेल्या. "साडीचा पडदा केला? डोकं आहे हो पोरीला," म्हणत त्यांनी कापडाचा पोत बघायला साडी चिमटीत धरली, आणि ती झिरमिळीसकट त्यांच्या हातात आली.

निळी फळी उघडी पडली. आत्यांनी तिच्यावर बोटाचं पेर वाजवलं. पुन्हा वाजवलं.

"शिसवी आहे ही," आत्या म्हणाल्या. "आमच्याकडे असे सहा पाट होते, सासऱ्यांनी करवलेले. तुमच्या नीरजच्या मुंजीला इथे आणले होते. आठवतं न, वहिनी?"

"ते मी तेव्हाच परत पाठवले न, टेम्पोत," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज फार बारीक आला.

"बेटम्याला तर काही पोचले नाहीत. सत्तावीस वर्षं विचारून राहिले मी."

"मग टेम्पोवाल्यानेच कुठे उतरवले असतील."

आत्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, वाकल्या आणि मान वाकडी करून फळीच्या खालून पाहू लागल्या. "आमच्या पाटांवर मागे नाव होतं. पांढऱ्या ऑइल पेंटने. शिरढोणकर, बेटमा."

यतीनला ती पांढरी अक्षरं आठवली. 'शि' घासायला फार वेळ लागला होता.

"नाव तर नाही दिसत," आत्या कमरेला हात देत उभ्या राहिल्या. "कुठून आणलीस रे ही फळी?"

यतीनने जुळवलेलं पहिलं वाक्य ओठांवर आणलं आणि काकूंकडे पाहिलं. काकू रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं, वरच्या ओठावर घाम होता. सकाळपासून जो चेहरा घेऊन तो स्वतः हिंडत होता, नेमका तोच चेहरा समोर होता. पाट ओवाळायला नको होता, लपवायला हवा होता, हे त्याला तेव्हा कळलं.

"जुन्या बाजारातून, आत्या," यतीन म्हणाला. "दिवाळीच्या आधी."

"बरी मिळाली. जपून ठेव."

काकूंनी श्वास सोडला. मग त्यांची नजर फळीखालच्या एकेका स्क्रूवर थांबत थांबत चौथ्यावर आली. यतीनने डोळे मिटले.

"भिंतीत छान बसवलीय," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच दारावर थाप पडली. काकू जुन्या चादरीत काहीतरी जड बांधून उभ्या होत्या. गाठ सोडली तर आत पाच पाट.

"हे पण तसेच करून दे. वरून निळे, मागून साफ. दर भाऊबीजेला हे पेटीतून माळ्यावर, माळ्यावरून पेटीत. थकून गेले मी."

"पण काकू, परतच देऊन टाकले तर?" क्षितिजाने विचारलं.

"पहिल्या वर्षी राहून गेलं, बेटा. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. तिसऱ्या वर्षी मी म्हणाले की पाठवले. आता कोणत्या तोंडाने देऊ?"

"पण पाच फळ्या लावायच्या कुठे?" यतीनने विचारलं.

"भिंत आहे न. ठोक." काकू खुर्ची ओढून बसल्या. "काका नवीन करार लिहून राहिलेत. मी म्हटलं, तीन वर्षांचा लिहा, आणि ते सातवं कलम काढा. आणि हो, चार दिवस मी ऐकून राहिले होते, कचरागाडीच्या गाण्यात ड्रिल कधीपासून वाजायला लागलं म्हणून. मला वाटलं महानगरपालिकेने काही नवीन काढलं."

क्षितिजा एकदम हसली, खूप दिवसांनी. मग तिने एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्या खोक्याची चिकटपट्टी ओढून काढली. यतीनला इतकं हलकं वाटलं की तो लगेच जमिनीवर फतकल मारून बसला, पहिला पाट उलटा केला आणि घासायला लागला. काकू वर बसून देखरेख करत होत्या. 'बेटमा' गेलं. 'कर' गेलं. 'शिरढोण' पुसट झालं. आणि पांढऱ्या रंगाचा थर निघाला तशी सकाळच्या उजेडात त्याच्याखाली लाल रंगाची अक्षरं दिसू लागली.

यतीनचा हात थांबला. काकूंनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. आडनाव शिरढोणकर नव्हतं. गावही बेटमा नव्हतं.

"सासऱ्यांनी करवलेले म्हणे," काकू म्हणाल्या. सत्तावीस वर्षांचं ओझं त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना दोघांनी पाहिलं.

खाली गल्लीत कचरागाडी आली आणि गाणं सुरू झालं. काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"घास," त्या म्हणाल्या.