तानीने पॅड बांधले त्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघ मास, रविवार. ते दिवशी मुरबाडचे मैदानी शहापूरकर बायकांच्या हॉकी फौजेने जे शर्थीचे युद्ध केले, त्याची साद्यंत हकीकत सेवकाने पाण्याच्या पिंपाआडून, परंतु जातीने पाहिली तैसी लिहिली. पक्षपात केला नाही. शहापूरकर थोर होतेच, त्यास इलाज नाही.

फौजेची खाशी गोलरक्षक संघरत्ना. आटगावापासून कसाऱ्यापर्यंत तिजसारखी मातबर दुसरी नाही. तिचे पाठीशी राखीव म्हणोन डोळखांबची तानी नामजाद होती. हंगामात दहा सामने जाहले आणि तानी दहाही सामने बाकावर बसली. सरावात भाविकाबाई कर्णधारांचे तडाखे तिणेच अंगावर घ्यावे, आणि सामन्याचे दिवशी संघरत्नेच्या पायी पॅड बांधावे, इतकीच तिची चाकरी. पॅडांची बकले तुटोन जमाना लोटला होता, मग तानी सुतळीने भाताच्या भाऱ्याची गाठ मारी, आणि ती गाठ दुसऱ्या कोणास सुटत नसे.

अंतिम सामना आठ दिवसांवर आला तेव्हा प्रशिक्षक स्वरूपराव यांणी चहाचे टपरीवर खलबत मांडिले. संघरत्नेस दुखापत जाहली तर गोल कोणी राखावा, हा बिकट सवाल. भाविकाबाईंनी अर्ज केला की तानी गुणी खरी, परंतु सामन्यात एकही चेंडू अडविला नाही. सबब कल्याणाहून हेतलबाई नामे नावाजलेली गोलरक्षक आणावी. मसलत पटली आणि फर्मान सुटले, की हेतल दुसरी, आणि तानी तिसरी, ती गाठी मारण्यापुरती. तानीने ऐकिले, बरं म्हणाली, परंतु तिला फार लागले होते.

रणदिवस उगवला. तानीने गाठी मारिल्या आणि बांधावर पाठ फिरवोन बोरे खात बसली. शेवटचे एक मिनिट उरले, शहापूर एका गोलाने सरस, तोच मुरबाडची शिलेदार दिपाली आत घुसली, आणि संघरत्ना आडवी गेली, आणि दोघी आदळल्या. संघरत्नेचा घोटा मुरगळला आणि पंचांनी मुरबाडास पेनल्टी स्ट्रोक बहाल केला. आता एक चेंडू, एक गोलरक्षक, मध्ये कोणी नाही.

मग हेतलबाई सरसावली. परंतु पॅडांचा जोड एकच, तो संघरत्नेच्या पायी. हेतलबाईंनी गाठ ओढिली, न सुटे. भाविकाबाईंनी नख लाविले, नख मोडले. स्वरूपराव यांणी दात लाविले, मग दात हलला आणि गाठ जैसीची तैसी. कापावी तर पुन्हा बांधायास सुतळी नाही. पंच घड्याळ पाहो लागले, तेव्हा तमाम सरदारांनी बांधाकडे पाहिले.

तानी आली. दोन बोटांनी टोक खेचिले आणि गाठी सुटल्या. हेतलबाईंनी पाय पुढे केला. तानीने तो पाहिला, मग पॅड आपल्याच पायास लाविला.

"हंगामभर मी दुसऱ्यांचे पाय बांधले. आता टाइम नाय. माझेच बांधतंय."

स्वरूपराव हरकत घेणार होते, परंतु दात धरोन उभे होते.

दिपालीने चेंडू सोडिला. तानी शेतात भारा टाकावा तैसी आडवी पडली, आणि चेंडू तिच्या गुडघ्यावरील गाठीस लागोन बाहेर गेला. गाठ सुटली नाही. शहापूरकरांनी जो कल्लोळ केला त्यात हेतलबाईंचा आवाज सर्वांत मोठा होता, हे सेवक इमानाने नमूद करितो.

येणेप्रमाणे मुरबाडची मोहीम फत्ते जाहली, करंडक टेम्पोत दाखल जाहला आणि यादीत तानीपुढे लिहिलेला तिनाचा आकडा स्वरूपराव यांणी आपले हाते खोडिला. संघरत्ना लंगडत येवोन तानीच्या पायाशी बसली आणि गाठ सोडो लागली. तानीने तिचा हात धरिला.

"राहू दे गो. आयेला दाखवायचंय."

मग तानी पॅडांसह टेम्पोत चढली आणि पॅडांसह डोळखांबास उतरली, आणि आईने दारातच बसोन त्या गाठी सोडिल्या. फत्ते तेथे पुरी जाहली.