हडळीच्या पाया पडणारा देवऋषी

माझा भाचा जयराज याच्या पहिल्या भयपटात हडळ होण्यास मी होकार दिला, तो केवळ त्याचे शूटिंग वेळेत संपावे म्हणून. हडळ होणारी नटी पुण्याहून आलीच नव्हती. भाड्याचा कॅमेरा संध्याकाळच्या गाडीने सांगलीला परत जायचा होता आणि शेवटचा प्रसंग राहिला तर चित्रपटच राहिला, असे तो कोरेगावच्या माझ्या ओट्यावर डोके धरून सांगत होता.

"आत्या, तुझ्याकडे पांढरी साडी आहे ना?" त्याने विचारले. (मला पाहताच त्याला हडळ सुचावी, याचा विचार मी नंतर करायचे ठरवले.)

कोणतेही काम मी अर्धवट करत नाही. केस मोकळे सोडले, तोंडाला तांदळाचे पीठ फासले, डोळ्यांभोवती काजळ ओढले आणि परसातल्या चिंचेखाली उभी राहिले. विकट हास्य पहिल्याच टेकमध्ये उरकले. उरले एवढेच, की देवऋषीने केरसुणीने मला झोडपायचे आणि मी नाहीशी व्हायचे. देवऋषी होता सैन्यातून सुभेदार होऊन परतलेला धोंडिराम. (दुर्दैवाने शाळेतला माझा जुना विद्यार्थी.)

"ॲक्शन," जयराज म्हणाला.

धोंडिराम केरसुणी उगारून गर्जत आला, थबकला आणि वाकून माझ्या पाया पडला.

"कट. सुभेदार, हडळीच्या पाया पडतात का?"

"आवं, पीठ लावलं म्हणून काय झालं? बाई त्या बाईच. आन केरसुणी बी लक्ष्मीच हाय. लय पाप लागंल."

"सीमेवर गोळ्यांना घाबरला नाहीत की."

"तितं समूर बाई नव्हत्या."

पुढच्या खेपेस त्याने डोळे मिटून केरसुणी फिरवली. ती जयराजला लागली. त्यापुढच्या खेपेस त्याने मारण्यापूर्वी माझी परवानगी मागितली. ऊन चिंचेच्या शेंड्यावर चढले होते. जयराजने घड्याळ पाहिले आणि त्याचा खालचा ओठ लहानपणीसारखा थरथरला. तेव्हा मी ठरवले, हा चित्रपट आज पूर्ण होणारच.

मी पदराने तोंड स्वच्छ पुसले, केसांचा अंबाडा बांधला आणि एक पाऊल पुढे टाकले.

"धोंडिराम, सुभेदार झालास आणि केरसुणी धरता येत नाही? इकडे ये. सर्वांसमोर नीट धरून दाखव."

त्याचा चेहरा उतरला. केरसुणी टाकून तो जो सुटला, तो कुंपण ओलांडून उसात दिसेनासा झाला. "थांब," म्हणत मी बांधापर्यंत धावले.

"कट," जयराज हळूच म्हणाला. "झाला शेवट. हडळ जिंकली."

कॅमेरा वेळेत गाडीत बसला.

पलूसला चित्रपट दाखवला, तेव्हा माझ्या विकट हास्याला पुढच्या रांगेतली पोरे खुदुखुदु हसली. (हा अपमान मी गिळला.) मग शेवटचा प्रसंग आला आणि सभागृह चिडीचूप झाले. पोक्त माणसे ताठ बसली. शेजारच्या एका गृहस्थांनी तोंडातला तंबाखू गिळला.

"आत्या, पुढच्या भयपटातही हडळ तूच," बाहेर येताच जयराज म्हणाला.

माझ्या अभिनयाला अखेर न्याय मिळाला होता. मी विचारले, "या वेळी काजळ आणखी गडद लावू का?"

"नको, काहीच लावू नकोस. घरच्यासारखीच ये," तो म्हणाला. "पीठ लावलं की तू जरा प्रेमळ दिसतेस."